सुरयांसाठी तराफा

मिस्त्रीबाईंच्या हाताखालून गेलेल्या लाकडावर माशी बसली तरी घसरते, असं धरणावरचे लोक म्हणत, आणि त्यात काही वाढवून सांगितलंय असं मिस्त्रीबाईंना वाटत नसे. भाड्याने फिरणाऱ्या बाराही होड्या त्यांच्याच शेडमधून दुरुस्त होऊन पाण्यात जात. वल्ही, धक्क्याच्या फळ्या, बांधावरची बाकडी, सगळं त्यांच्या हातचं. वडील होड्यांचे सुतार. त्यांच्यामागे शेड, हत्यारं आणि गिऱ्हाइकं लेकीकडे आली. सुरुवातीला लोक दारात उभं राहून विचारायचे, "मिस्त्री कुठे गेलेत?" बाई रंधा न थांबवता म्हणायच्या, "बोला, ऐकतेय." या गोष्टीला तीस वर्षं झाली, आता असं कुणी विचारत नव्हतं.

शेडला दोन दारं होती, एक रस्त्याकडे आणि एक पाण्याकडे. पाण्याकडच्या दारातून अख्खं धरण दिसायचं. समोर झाडीने भरलेल्या टेकड्या, डावीकडे लांबच लांब दगडी बांध, उजवीकडे उंच गवताची दलदल. तिथे टिबुकल्या बुड्या मारायच्या आणि राखी बगळे तासन्‌तास एका पायावर उभे राहून फार काम असल्यासारखं दाखवायचे. सकाळी बांधावर चालणारे, त्यांच्यामागून घंटी वाजवत सायकलवाले, रविवारी होड्यांसाठी ही लांब रांग. पाणी खरं तर शहराच्या नळांसाठी साठवलेलं. पण ते ज्याच्या घरी जायचं तोच रविवारी डबा घेऊन ते बघायला यायचा.

आणि सुरय. हा पक्षी मिस्त्रीबाईंचा खास लाडका. पांढरट राखी अंग, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी खाली गेलं की धरणाच्या मधोमध वाळूचं एक बेट उघडं पडायचं आणि सुरय नेमके तिथे उतरायचे. घरटं म्हणजे पोट घासून वाळूत केलेला खळगा, बाकी काडीही नाही. असला कामचुकार कारागीर बाईंनी दारातसुद्धा उभा केला नसता. पण त्या खळग्यातल्या दोन-तीन ठिपकेदार अंड्यांसाठी हे एवढेसे पक्षी घारीच्या अंगावर धावून जायचे, ते बघून बाईंनी त्यांना केव्हाच माफ केलं होतं.

घोडं पेंड खायचं ते पुढे. अंडी घालून पंधरवडा होतो न होतो तोच वरच्या धरणातून पाणी सोडलं जायचं. शहराला उन्हाळा काढायचा असायचा, त्याला इलाज नव्हता. एका दिवसात बेट पाण्याखाली जायचं, अंड्यांसकट. सुरय मग बेट होतं त्याच जागेवर हवेत घिरट्या घालत ओरडत राहायचे. दोन दिवस, कधी तीन. नंतर निघून जायचे. तेवढे दिवस मिस्त्रीबाई पाण्याकडचं दार लावून काम करायच्या आणि कुणी विचारलं तर धूळ येते म्हणून सांगायच्या.

त्यांची भाची धरणाच्या कार्यालयात पातळी नोंदवायच्या कामावर होती. रोज सकाळी सातला बांधाच्या पायऱ्या उतरायची, पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायची, वहीत लिहायची आणि मग मावशीकडे चहाला यायची. राहायलाही मावशीकडेच होती. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं आणि एकमेकींशी पटतही नव्हतं.

एका सकाळी ती कपाला हात न लावता म्हणाली, "मावशी, बेट काढतायत."

"काढतायत म्हणजे?"

"खोदून. पुढच्या वर्षी. तेवढं पाणी जास्त मावेल म्हणे. समितीत कुणीतरी पक्ष्यांचं काय म्हणून विचारलं, तर उत्तर काय दिलं माहितीये? तिथे पिल्लू कधी निघतच नाही, मग बेट ठेवायचं कुणासाठी?"

मिस्त्रीबाईंनी पटाशी खाली ठेवली. राग यायला त्यांना वेळ लागत नसे, पण या वेळी तो काढायचा कुणावर ते कळेना. बोलणं खोटं नव्हतं. तीस वर्षांत त्या बेटावरून एकही पिल्लू उडालेलं त्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. तीस वर्षं आपण दार लावून बसलो, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि स्वतःची फार लाज वाटली.

चार दिवस त्या रंधा हातात घेत आणि तसाच खाली ठेवत राहिल्या. पाचव्या दिवशी साडीवरचा भुसा झटकून साहेबांकडे गेल्या.

साहेब म्हणजे धरणाचे अभियंते. खोलीत भिंतभर धरणाचा नकाशा, टेबलावर दोन फोन, आणि खिडकीत वाळून चाललेली एक कुंडी. एवढ्या पाण्याचे मालक, पण तिला तांब्याभर घालायची आठवण त्यांना राहत नसे.

"मी पाणी थांबवू शकत नाही, मिस्त्रीबाई," बाई खुर्चीत टेकायच्या आतच ते म्हणाले. "एक दिवससुद्धा नाही."

"थांबवा कोण म्हणतंय? तुम्ही पाणी आणा. मी बेट वर उचलते."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी त्यांच्याच समोरचा एक कागद उलटा केला आणि कानावरची पेन्सिल काढून त्यावर रेघा मारल्या. बेट कोरडं आहे तोवर त्यावर एक तराफा नेऊन ठेवायचा. त्यावर बेटावरचीच वाळू पसरायची, बेटावरचेच गोटे. पक्ष्यांना वाळू दिसली की पुरे, ते तिथे अंडी घालतील. पाणी चढलं की तराफा अंड्यांसकट वर उचलला जाईल. चार कोपऱ्यांना लांब साखळ्या आणि नांगर, म्हणजे वाहून जायला नको.

"आणि पक्षी घाबरून उडून गेले तर?"

"पाणी वाढलं म्हणून होडीतलं माणूस कधी उडी मारतं का?"

साहेब हसले नाहीत, पण कागद त्यांनी जपून फाईलीत ठेवला. "मला एक पिल्लू उडालेलं दाखवा," ते म्हणाले. "एकच. मग तिथे पिल्लू निघत नाही असं समितीला म्हणता येणार नाही, आणि बेट राहील. पण जे काय ते या वर्षी. पुढच्या वर्षी मशिनं येतील."

"एक कशाला, डझन दाखवते," मिस्त्रीबाई म्हणाल्या. बाहेर पडल्यावर मात्र जिन्यात थांबून त्यांनी कपाळाला हात लावला. तोंडातून शब्द तर गेला होता.

तराफ्याची बातमी बांधावर पसरायला एक सकाळ पुरली. सर्वांत आधी आले गळवाले नाना. नाना म्हणजे सत्तरी उलटलेले, रोज त्याच दगडावर गळ टाकून बसणारे गृहस्थ. मासा त्यांना क्वचित लागायचा. सल्ला मात्र ते रोज ताजा देत.

"पोरी, कशाला एवढा घाट घालतेस?" शेडमधली लाकडं बघून ते म्हणाले. "आठ प्लास्टिकची पिंपं घे, वर फळ्या ठोक, दोरीने आवळ. दोन दिवसांचं काम."

"नाना, मी सुतार आहे. भंगारवाली नाही."

"अगं, पक्ष्यांना काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय ना."

आणि त्यांनी तराफा बांधला तो होडीसारखा. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, सव्वा फूट उंचीची सपाट बुडाची लाकडी पेटीच म्हणा ना. पुढचं टोक होडीच्या नाकासारखं जरा वर उचललेलं. फळीला फळी अशी भिडवली की मध्ये कागद शिरणार नाही. तरी प्रत्येक सांध्यात कापूस ठासून वर डांबर. मग बुडाला रंधा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग काचपेपर, मग तेलाचे हात.

"मावशी, याचं बूड कोण बघणार आहे?" भाची म्हणाली. "बेडूक?"

"बेडकांनी बघितलं तरी नाव माझंच निघणार आहे."

शेडबाहेर पालथा घातलेला तराफा उन्हात इतका सुरेख दिसत होता की फिरायला आलेली माणसं थांबून त्यावरून हात फिरवून जात. मिस्त्रीबाई आत काहीतरी शोधत असल्याचं सोंग करायच्या आणि एक डोळा तिकडे ठेवायच्या.

बेटावर तो चढवायला सोळा माणसं लागली. होड्यावाले तर आलेच, पण चार सायकलवाले आणि सकाळी चालायला येणारे एक डॉक्टरसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. ओंडक्यांवरून ढकलत ढकलत तराफा बेटाच्या माथ्यावर बसवला. बादल्या बादल्यांनी वाळू आणि गोटे पसरले. पिल्लांना सावली हवी म्हणून जुनी कौलं जोडीजोडीने तिरकी उभी केली. पाण्यात पडलेल्या पिल्लाला परत चढता यावं म्हणून कडेला आडव्या पट्ट्या ठोकलेली एक उतरती फळी लावली. ती भाचीची कल्पना, आणि बाईंनी ती मान्य करताना फक्त एकदाच नाक मुरडलं. बाकीच्या बेटावर दोऱ्या ताणून चिंध्या बांधल्या, म्हणजे पक्ष्यांनी तिथे बसू नये.

सुरय आले. तराफ्यावरून फिरले. खाली बघितलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला. मिस्त्रीबाईंना जेवण जाईना.

आठव्या दिवशी भाचीने दुर्बिणीतून बघून निकाल दिला. "मावशी, कडा चमकतायत. तू त्यांना पॉलिश मारलंयस."

"मग? उघडं लाकूड पाण्यात ठेवू?"

"त्यांना ते पाणी वाटत असेल, नाहीतर आरसा. वाळूचं बेट कधी चमकतं का?"

दुपारी बाई एकट्याच होडी घेऊन गेल्या आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या पॉलिशला चिखल फासून आल्या. जीव तीळतीळ तुटला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक जोडी उतरली. नराने मादीपुढे एक चिमुकला मासा ठेवला, मादीने तो आढेवेढे घेत खाल्ला आणि मग पोट घासून खळगा केला, बरोबर तराफ्याच्या मधोमध. आठवडाभरात नऊ जोड्या झाल्या आणि अंडी एकवीस. आपल्याला धडा मिळाला, असं मिस्त्रीबाईंना वाटलं. अर्धाच मिळाला होता.

पाणी सोडायचा दिवस उजाडला. सकाळी सहाला वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि दहाच्या सुमाराला पाणी बेटाच्या कडेला लागलं. होड्या बंद होत्या, तरी बांधावर रविवारसारखी गर्दी. कुणी छत्री उघडून, कुणी डोक्यावर रुमाल टाकून. साहेब पिवळं हेल्मेट घालून कठड्याशी उभे. नाना गळ घरी ठेवून आले होते, असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

तराफ्याच्या बाजूला भाचीने इंचांच्या खुणा रंगवून ठेवल्या होत्या. लाकडाचं वजन, ओल्या वाळूचं वजन, बुडाची लांबी-रुंदी, असा सगळा हिशोब बाईंनी तीनदा करून पाहिला होता. सात इंच पाणी चढलं की तराफा उचलणार.

"पाच," भाची दुर्बिणीतून वाचत होती. "सहा."

बांधावरच्या छत्र्या मिटल्या.

"सात."

बाईंनी कठडा घट्ट धरला. तराफा हलला नाही.

"आठ," भाची म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने, "नऊ."

"नीट बघ."

"मावशी, मी रोज हेच काम करते."

मिस्त्रीबाईंना कळलं होतं. बेटाच्या वाळूखाली चिकणमाती होती. वाळूच्या दोन टन वजनाखाली तराफा महिनाभर त्या मातीत रुतत गेला होता, आणि आता ओली होऊन ती माती लुकणासारखी चिकट झाली होती. त्यावर सपाट, तीनदा रंधलेलं, तेल पाजलेलं गुळगुळीत बूड. मध्ये केसाएवढी फट नाही. पाणी खाली शिरलंच नाही तर ते वर ढकलणार कशाला? नानांची पिंपं असती, तर त्यांच्यामधून पाणी खेळलं असतं. साधं खडबडीत लाकूड असतं तरी चाललं असतं. चांगल्या कामाच्या हौसेने त्यांनी तराफा जमिनीला चिकटवून ठेवला होता.

"माझं चुकलं," मिस्त्रीबाई म्हणाल्या.

भाचीने दुर्बीण खाली घेतली. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात मावशीच्या तोंडून हे शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले होते, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

"वरचे दरवाजे बंद करायला सांगू?" साहेबांनी विचारलं. "पण वाटेत निघालेलं पाणी येतच राहणार. दहा मिनिटांना एक इंच चढतंय. तुमच्याकडे तास आहे, फार तर."

"दोर पाहिजे," बाई म्हणाल्या. "जाड, लांब आणि खरखरीत. आणि पाच नंबरची होडी."

चिखलात बसलेली होडी कशी सोडवायची हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. नाकाखालून दोर घालायचा, दोन्ही बाजूंना दोघांनी धरायचा आणि करवत चालवतात तसा पुढे-मागे ओढत शेवटापर्यंत न्यायचा. दोर माती कापत जातो आणि त्याच्यामागून पाणी शिरतं. फक्त त्या होड्यांवर नऊ संसार मांडलेले नसायचे.

"आपण गेलो की सगळे पक्षी उठणार," भाची म्हणाली. "या उन्हात अंडी दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडी राहिली तर भाजून जातील."

"मग दहा मिनिटांत करू."

वल्ही कोण मारणार यावर होड्यावाल्यांचा वाद सुरू झाला, तोवर नाना होडीत बसलेसुद्धा. "बसा लवकर," ते म्हणाले. "मी मिनिटं मोजतो."

होडी बेटाजवळ गेली आणि अख्खी वसाहत एकदम उठली. असा कल्लोळ, की बोललेलं ऐकू येईना. सुरय वरून सूर मारत आणि सरळ टाळूवर चोच हाणत. भाचीकडे कार्यालयाचं हेल्मेट होतं. मिस्त्रीबाईंनी होडीतलं पाणी उपसायची बादली डोक्यावर पालथी घातली आणि तशाच खाली उतरल्या. गुडघाभर पाणी, घोटाभर चिखल. बांधावर कुणीतरी हसलं, पण लगेच गप्प झालं.

दोर नाकाखालून गेला. बाई एका बाजूला, भाची दुसऱ्या.

"ओढ," बाई म्हणाल्या. "आता सोड. मी ओढते. आता तू."

पहिल्या दोन फुटांना दोर सहज सरकला. पुढे माती घट्ट लागली. भाचीच्या तळहाताची सालटं निघाली, तिने ओढणी हाताला गुंडाळली. बाईंच्या बादलीवर टणाटण चोची बसत होत्या.

"चार मिनिटं," नाना ओरडले.

दोर निम्म्यावर आला आणि अडकला. दोघींनी अंगाचा भार टाकला तरी ढिम्म. एखादा गोटा असणार. मिस्त्रीबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या, हनुवटीपर्यंत पाण्यात गेल्या, खांदा तराफ्याला लावून दोर खालून वाकडा केला आणि म्हणाल्या, "आता."

गोटा सुटला. दोर धावला.

"सहा. मी तेव्हाच म्हणत होतो, पिंपं..."

"नाना, नंतर."

आणि मग खालून गडगड आवाज आला, मोठाले बुडबुडे फुटले आणि तराफ्याचं नाक झटकन चार बोटं वर आलं. मागची बाजू अजून चिकटलेलीच होती. तराफा तिरका झाला. वाळू सरकायला लागली आणि वरच्या खळग्यातलं एक अंडं हळूच कलंडून कडेला आलं. अजून थोडं तिरकं झालं असतं तर दरवर्षी पाणी बुडवायचं तशीच सगळी अंडी एका क्षणात बुडाली असती, आणि ती त्यांच्या हाताने.

"थांबू नकोस," त्या भाचीला म्हणाल्या. "जोरात."

दोघींनी वेड्यासारखा दोर ओढला. सात मिनिटं झाली, आठ झाली. शेवटचे तीन फूट, दोन, एक. दोर मागच्या कडेखालून सपकन बाहेर आला आणि दोघी पाठीवर आपटल्या. मागची बाजू वर आली. तराफा एकदा डोलला, परत डोलला आणि स्थिर झाला. पाणसळ लावून बघावी इतका सपाट. चारी बाजूंनी पाण्याबाहेर सारखा, कुठे एक सूतही कमी-जास्त नाही. ते काम रंध्याचं नव्हतं, डोक्याचं आणि डोळ्याचं होतं, आणि ते मात्र बाईंचं कधी चुकलं नव्हतं.

"नऊ," नाना म्हणाले. "चढा आता."

होडी शंभर हात मागे घेतली. वर पांढऱ्या पंखांचा गोंधळ चालूच होता. तराफा पाण्यावर होता, बेट संपलं होतं. पक्षी ओळखतील की नाही? मग एक मादी खाली आली, सरकलेल्या अंड्याशी उतरली, मान वाकडी करून तिने त्याच्याकडे बघितलं आणि चोचीने ते ढकलत ढकलत खळग्यात नेऊन त्यावर बसली. जरा अंग हलवून नीट बसली. मग दुसरी उतरली. मग दोन एकदम.

"सात," भाची मोजत होती. "आठ." मग ती डोळे पुसायला लागली, म्हणून नानांनीच सांगितलं, "नऊ. सगळ्या."

बांधावरून टाळ्यांचा असा आवाज उठला की दलदलीतले बगळेसुद्धा उडाले. मिस्त्रीबाईंनी बादली अजून डोक्यावरून काढली नव्हती, आणि ते बरंच झालं, कारण त्या ढसाढसा रडत होत्या.

पाणी दोन दिवस चढत राहिलं. बेट खाली गेलं, दहा हात खोल गेलं, आणि तराफा साखळ्या उलगडत पाण्याबरोबर वर वर येत गेला. मादी बसलेल्या त्या बसलेल्याच. तिसऱ्या दिवशीही सुरय गेले नाहीत. चौथ्या दिवशीही नाहीत.

पुढच्या आठवड्यात अंडी फुटली. एकवीसपैकी एकोणीस. वाळूच्या रंगाचे कापसाचे गोळे, पायांवर उभे राहिले की कौलांच्या सावलीत पळायचे. एक घारीने नेलं. एक पाण्यात पडलं आणि सगळा बांध बघत असताना पट्ट्यांच्या फळीवरून अंग झटकत परत वर चढलं. त्या दिवशी भाची दिवसभर मावशीकडे बघून भुवया उडवत होती. एकदा एक पाणमांजर तराफ्याच्या आसपास घुटमळलं, तर अठरा आई-बापांनी त्याला दलदलीपर्यंत पिटाळून लावलं. होड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. लोक तराफ्यापासून लांब, वल्ही न वाजवता जायचे, आणि एरवी रेडिओ लावून फिरणारी मंडळी कुजबुजत बोलायची. नाना म्हणत होते की धरणातले सगळे मासे हे पक्षीच खातात, म्हणून आपल्याला लागत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा चांगलं कारण मिळालं होतं.

चार आठवड्यांनी, एका स्वच्छ सकाळी, भाचीने साहेबांना बोलावणं पाठवलं. ते आले तेव्हा बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. सोळाच्या सोळा माणसं आली होती, डॉक्टर दवाखाना उशिरा उघडणार होते. तराफ्याच्या कडेला एक पिल्लू उभं होतं. पंख पसरत होतं, मिटत होतं. वर त्याची आई चोचीत मासा धरून एका जागी पंख फडफडवत होती, आणि खाली काही येत नव्हती.

"भुकेलंय ते," मिस्त्रीबाई कळवळून म्हणाल्या. "दे की त्याला, मेले."

आईने दिला नाही. ती आणखी थोडी वर गेली. पिल्लाने मान वर केली, दोन पावलं पळालं आणि कडेवरून उडी टाकली. सरळ खालीच आलं. पाय पाण्याला लागले, पोट लागलं, पाण्यावर एक लांब रेघ उठली. बाईंनी भाचीचा हात इतका आवळला की तिच्या तळहाताच्या नव्या सालीला कळ आली. मग रेघ संपली. पिल्लू पाण्यावर हातभर होतं, मग पुरुषभर, मग होडीच्या डोलकाठीएवढं.

"एक," साहेब म्हणाले. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. "झालं, मिस्त्रीबाई. बेट राहिलं."

पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण तराफ्यावरून दुसरं उडालं होतं आणि तिसरं कडेला येऊन उभं होतं. धरण काठोकाठ भरलेलं होतं. पहिलं पिल्लू आईमागून दलदलीवरून गेलं, बांधावरच्या माणसांच्या डोक्यांवरून आलं आणि शेडच्या छपराला वळसा घालून पुन्हा पाण्यावर निघालं. मिस्त्रीबाई मान मागे टाकून बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी हातची वस्तू पाण्यात सोडली होती. हवेत सोडलेली ही पहिली.